मक्यातला कामगंध सापळा: कुठला घ्यावा, कसा लावावा आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवू नये

आधी निकालच सांगतो, म्हणजे ज्यांना पेरणीची घाई आहे ते एवढं वाचून सुटतील. फनेलचा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा डबा, तो घ्या, स्वस्त आहे, कामाचा आहे. पण त्यानं मक्यावरची लष्करी अळी संपेल म्हणून घेत असाल तर पैसे खिशातच ठेवा. सापळ्याचं काम खबर द्यायचं, आणि खबर मिळाल्यावर दोन-चार दिवसांत तुम्ही मक्यात शिरून पानं उलटी करून बघणार नसाल तर तो डबा रानात उभा राहून काय करणार? पाचपैकी सापळ्याला चार, सोबत मिळणाऱ्या वासाच्या गोळीला दोन, आणि विकणाऱ्या दुकानदारांना किती द्यायचे ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.

आमचं रान कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या अंगाला. ऊस आहेच, तो कुणाला सुटलाय, पण म्हशी आहेत म्हणून वैरणीला आफ्रिकन टॉल आणि दाण्यासाठी हायब्रीड असा दोन्ही मका असतो, त्यात आता शेजारीपाजारी मुरघासासाठी मका लावणारे वाढलेत, त्यामुळं शिवारात बारा महिन्यात कधीही बघा, कुठं ना कुठं गुडघ्याएवढा कोवळा मका उभा असतोयच. लष्करी अळीला अजून काय पाहिजे.

ही अळी आपल्याकडची नव्हेच. मूळची अमेरिका खंडातली, तिथल्या उष्ण भागातली. २०१६ ला आफ्रिकेत सापडली आणि मग २०१८ च्या मे महिन्यात भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या मक्यावर. त्याच वर्षी पलीकडं सांगली-सोलापूरपर्यंत गेली, २०१९ च्या सुरुवातीला चीनमध्ये आणि २०२० ला ऑस्ट्रेलियात. एवढ्या जोरात पसरली कारण हिचा पतंग लई उडणारा, वारं मिळालं तर एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. म्हणजे निपाणीच्या शिवारातनं संध्याकाळी निघाला तर पहाटेपर्यंत कुठल्या जिल्ह्यात असेल काय सांगता येत नाही, त्याला काय आरटीसी, म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा उतारा, लागत नाही की तुमचा सातबारा. आणि दुसरी गोष्ट, बऱ्याच किडी थंडीत किंवा कडक उन्हात जमिनीत झोप काढतात तशी सोय हिच्यात नाही. त्यामुळं तिकडं अमेरिकेत हिवाळ्यात ही फक्त फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला जगते आणि उन्हाळा आला की तिथनं परत उत्तरेला पसरते, दरवर्षी नव्यानं. आमच्या बेळगावकडं थंडी पडून पडून किती पडणार? चार दिवस स्वेटर घालतो आपण आणि अळीची एक पिढी जरा लांबते, बास. मरत नाही. साडेतीनशेहून जास्त झाडांवर हिची नोंद आहे, ज्वारी, ऊस, गवतं सगळं चालतं, पण मका दिसला की बाकीचं सोडून मक्यात घुसते.

आता सापळा. बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात. एक आपला नेहमीचा फनेल ट्रॅप, म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, वर छत्रीसारखं झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूला गोळी अडकवायची खाच आणि खाली लांब प्लास्टिकची पिशवी. दुसरा बकेट ट्रॅप, त्यात पिशवीच्या जागी टणक डबा असतो. फनेलवाला शंभर रुपयांच्या आतबाहेर पडतो, गोळी त्याच्या निम्म्याहून कमीत, बकेटवाला बराच महाग. मी दोन्ही वापरलेत. फनेलचं नरसाळं आणि झाकण चांगलं टिकतं, उन्हानं रंग उडतो पण फुटत नाही, मोडते ती पिशवी. पावसात झाकणाखालनं आडवं पाणी शिरतं, पिशवीत साठतं, मेलेले पतंग त्यात कुजतात आणि मग वास असा सुटतोय की मोजायचं सोडा, जवळ जाऊ वाटत नाही. पिशवीच्या तळाला सुईनं चार भोकं पाडली की हा विषय मिटतो, कंपनीनंच पाडून दिली असती तर काय बिघडलं असतं कळत नाही. बकेटमध्ये ही भानगड नाही, पण बकेट रानात ठेवली की दुसऱ्याच्या डोळ्यावर येते. आमच्या एका डब्याचं झाकण कुणीतरी कोंबड्यांना पाणी ठेवायला नेलंय असा माझा अंदाज आहे, नाव घेत नाही.

गोळी म्हणजे रबराचं छोटं बूच असतं, त्यात मादीचा वास भरलेला. खरी मादी रात्री झाडाच्या शेंड्याकडं बसून हा वास सोडते आणि नर त्या वासामागं येतात, आपण तोच वास कारखान्यात बनवून डब्यात ठेवतो, नर येतो, झाकणाखाली घिरट्या घालतो आणि दमून नरसाळ्यातनं खाली पडतो. इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. डब्यात पडतात ते सगळे नर. अंडी घालते मादी. ती डब्याकडं ढुंकून बघत नाही, आणि राहिलेला एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. वर ती कुठं लांब गाभण होऊन उडत आली असेल तर तुमच्या रानात किती नर मेले याच्याशी तिला काय घेणंदेणं? टेहळणीसाठी एकरी पाच सापळे सांगतात, सामूहिक पकडायचं म्हटलं तर एकरी पंधरा. पंधरा लावून फायदा होत नाही असं मी म्हणत नाही, पण दोन एकर मक्यावाल्यानं तेवढा खर्च करून निवांत बसावं असं अजिबात नव्हे.

लावला तेव्हा आमच्या शेजारचे तात्या बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "त्यो डबा कशाला बांधलायस रं, भुताला?" म्हटलं, "तात्या, पतंगाला. मादीचा वास हाय ह्यात, नर येऊन पडत्यात." तात्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे बापय माणूस फसतोय तो हितं बी." एवढं बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी डब्यापाशी हजर.

तर त्या दुसऱ्या दिवशीचं सांगतो. पिशवीची खालची गाठ सोडली आणि पांढऱ्या ताटलीत सगळं झटकलं. पतंग मातकट, पंख पसरले तर दीड इंचाला जरा कमी. नर ओळखायचा पुढच्या पंखावरून, टोकाला पांढुरका तिकोनी चट्टा आणि मधोमध तिरपी फिकट खूण, मागचे पंख चंदेरी-पांढरे आणि कडेला बारीक काळसर रेघ. मादी जास्त भुरकट, खुणा पुसट, पण ती डब्यात येतच नाही म्हटल्यावर तिचं काय. ताटलीत चट्टा नसलेले, एकसारख्या फिकट रंगाचे पण काही पतंग निघतात. ते ल्यूकानिया जातीचे, या गोळीला तेपण भुलतात, आणि तात्यांनी अर्थातच सगळे मिळून मोजून "लई आलेत की" म्हणून गावभर केलं. तेवढे बाजूला काढूनच मोजायचं. दोन-तीन दिवस नीट बघितलं की नजर बसते.

मोजायचं कशासाठी, ते समजायला अळीचं वेळापत्रक डोक्यात पाहिजे. पतंग आले की मादी बहुतेक करून पानाच्या खालच्या अंगाला शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर आपल्याच अंगावरचे करडे केस चिकटवते, लांबनं बघितलं तर पानाला बुरशी आल्यासारखं वाटतं. एक मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी सहज घालते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारक्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, पानावर पातळ कागदासारख्या पांढऱ्या खिडक्या दिसायला लागतात, आणि काही अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर शेजारच्या झाडावर जातात. मग पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरायचं. अळी सहा अवस्थांतनं मोठी होते, दोन-तीन आठवडे खाते, आणि शेवटी शेवटी पोंग्यात बहुतेक एकच उरते कारण त्या एकमेकींनाच खातात. त्या मोठ्या अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडच्या बाजूला चार काळे ठिपके चौकोनात, हे बघितलं की शंकाच नाही. नंतर खाली जमिनीत दोन-तीन इंचावर कोष, उन्हाळ्यात आठ-नऊ दिवस, थंडीत वीस-तीस दिवस, आणि परत पतंग. उन्हाळ्यात सगळं चक्र महिनाभरात.

आता हिशेब करा. औषध लागू पडतं ते बारक्या अळीवर. एकदा ती पोंग्यात बसली आणि वर आपल्या विष्ठेचा ओला भुसा भरून तोंड बंद करून घेतलं की वरनं कितीबी मारा, आत जातच नाही. म्हणजे आपल्या हातात पतंग आल्यापासून जेमतेम आठवडा-दहा दिवस. पान फाटलेलं बांधावरनं दिसायला लागतं तेव्हा ते दिवस संपलेले असतात. सापळ्याचे पैसे या आठवड्यासाठी द्यायचे. शिफारशीत सापळ्यामागं दिवसाला एक पतंग आला तरी सावध व्हा म्हणतात. मी तर पहिला चट्टेवाला नर दिसला की लगेच आठवड्याची खूण कॅलेंडरवर करतो आणि रानात पाच ठिकाणी थांबून वीस-वीस झाडं बघतो. शंभरात पाचावर खिडक्या दिसल्या तर निंबोळी अर्क पाच टक्के, नाहीतर अॅझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिटरला ५ मिली. अंड्याचा पुंजका सापडला तर पान तोडून चुरगाळायचं, फुकटात शंभर अळ्या गेल्या. त्याच्या पुढं गेलं तर दाण्याच्या मक्याला इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी लिटरला ०.४ मिली, फवारा पोंग्यात पडेल असा, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण दिवसा अळी आत लपलेली असते.

वैरणीच्या मक्याचं मात्र वेगळं आहे आणि माझ्यासाठी सापळ्याचा खरा फायदा तिथंच झालाय. वैरण कोवळी कापायची, म्हशीच्या पोटात जाणार, तिथनं दुधात, मग घरात आणि डेअरीत. तिथं विषारी औषध मारून मी कापायला जाणार नाही, कोण काय म्हणू दे. तिथं निंबोळी, बीटी (अळी मारणारा जिवाणू), नाहीतर मेटारायझियम रिलेयी नावाची बुरशी, ही अळीला रोग लावते, दमट हवेत चांगली चालते आणि आमच्या पावसाळ्यात हवेला काय तोटा. पण या सगळ्या गोष्टी फक्त बारक्या अळीवर चालतात. उशीर झाला की वैरणवाल्याकडं काही उरत नाही, लवकर कापून मोकळं व्हायचं एवढंच. त्यामुळं दाण्याच्या मक्यात सापळा नसला तरी एखादा निभावून नेईल, वैरणीच्या मक्यात मी त्याच्याशिवाय पेरणीच करत नाही आता.

लावायचं कसं तर उगवण झाली की लगेच, मका वीतभर व्हायची वाट बघायची नाही. काठीला बांधायचा आणि पिकाच्या शेंड्याच्या जरा वर, फूटभर. मका वाढेल तसा डबा वर सरकवायचा, हे लोक करत नाहीत आणि मग डबा पानात बुडून बसतो आणि म्हणतात पतंग येत नाहीत. काठी बांबूचीच घ्या, उसाचं वाडं-टिपरी बांधून भागवलं की पहिल्या वादळात आडवं. गोळीला उघड्या हातानं, त्यात तंबाखू मळलेल्या हातानं तर अजिबात हात लावायचा नाही. आमच्या निपाणी भागात हे वेगळं सांगावं लागतं. कागदानं किंवा प्लास्टिक हातमोज्यानं धरून बसवा. आणि तीन-चार आठवड्यांनी बदला, जुनी गोळी रानात फेकू नका, नाहीतर नर तिकडंच घुटमळत राहतात.

आता दुकानदार. एका मोठ्या दुकानात, नाव-गाव सांगत नाही, मी मक्याच्या लष्करी अळीची गोळी मागितली तर त्यानं न बघता पाकीट पुढं सरकवलं. पाकिटावर हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. म्हणजे हरभऱ्याची घाटे अळी. म्हटलं, "मालक, ही दुसरीच हाय." तर म्हणतोय कसं, "सगळ्या अळ्या एकच हो, लावा की." अहो एकच कसं? प्रत्येक जातीच्या मादीचा वास वेगळा, म्हणून तर हे चालतं. निपाणीच्या तंबाखूवर आणि आता सोयाबीनवर येणारी स्पोडोप्टेरा लिट्युरा आणि मक्यावरची स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या चुलत बहिणी, तरी एकीच्या गोळीवर दुसरीचा नर विश्वासानं येत नाही. त्यामुळं पाकिटावर फ्रुजिपर्डा हेच नाव बघून घ्या, पाकीट कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, शास्त्रीय नाव असतंच. इकडचं पाकीट बऱ्याचदा कन्नड-इंग्रजीत असतं, इचलकरंजी-जयसिंगपूरकडनं आणलं तर मराठीत माहिती मिळते, पण माल तोच.

दुसरी तक्रार त्याच दुकानाची आणि खरं सांगायचं तर अजून बऱ्याच जणांची. गोळ्यांची पाकिटं दर्शनी काचेत उन्हात टांगलेली. आतला वास उन्हानं उडतो, गोळी रिकामी होते आणि दिसायला मात्र अगदी नवी. मग शेतकरी महिनाभर रिकामा डबा बघत बसतो आणि समजतो आपल्या रानात पतंगच नाही. हा तर सापळा न लावण्यापेक्षा वाईट प्रकार, न लावणारा निदान पोंगे तरी उघडून बघतो. म्हणून गोळीला दोनच गुण दिलेत. चांगली निघाली तर उत्तम, पण चांगली निघेल का याची खात्री पाकीट बघून होत नाही. त्यावर मी करतो ते असं, की बनवल्याची तारीख नसलेलं पाकीट घेत नाही, फॉइल फुगलेलं-फाटलेलं घेत नाही, आणि दोन वेगवेगळ्या दुकानातल्या गोळ्या दोन डब्यात शेजारच्या वाफ्यात लावतो. एकात येताहेत आणि दुसऱ्यात सलग रिकामं, तर कळलं.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात अधूनमधून सवलतीत बी-औषधं मिळतात, एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलेला असेल तर विचारून बघायला हरकत नाही, पण मिळेल तेव्हा मिळेल, पेरणी त्यासाठी थांबत नाही. अळी ओळखायला मदत पाहिजे असेल तर मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे, नमुना किंवा नीट फोटो घेऊन जावा, नुसतं "पानं खाल्लीत" म्हणून फोन केला तर ते तरी काय सांगणार.

बरेच जण विचारतात की याच्यापेक्षा सोलर लाईट ट्रॅप बरा नव्हे काय, एकदाच खर्च. उसाला हुमणी (मुळं खाणारी अळी) असेल तर वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात तेवढ्या दिवसात लाईट ट्रॅप भारीच, त्याबद्दल वाद नाही. पण मक्यासाठी नको. लाईटवर शंभर जातीचे किडे येतात, मित्रकीटक पण मरतात, आणि सकाळी त्या ढिगातनं लष्करीचा पतंग वेगळा काढत बसायला आपल्याला वेळ कुठाय. कामगंधात एकच जात, फार तर ते ल्यूकानियावाले पाहुणे, पाच मिनिटात मोजून मोकळं. पुढच्या हंगामाला मी फनेलचेच घेणार आहे, बकेट एकच, तोही घराजवळच्या वाफ्यात नजरेसमोर. गोळ्या मात्र मे संपायच्या आत घ्या, पहिला पाऊस पडला की सगळ्यांना एकदम आठवण होते आणि मग दुकानात उरतात ती काचेतली उन्हातलीच. आणल्या की पाकीट न फोडता हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि घरात आधी सांगून ठेवा, नाहीतर आमच्याकडं आईनं लोणच्याशेजारचा डबा उघडून "हे रबर कशाचं रं?" म्हणून अर्ध्या गोळ्या ओट्यावर वाळत घातल्या होत्या.